एक तांब्या, चार माध्यमे

आम्ही सातवीत असताना चित्रकलेच्या तासाला रंगपेटी नसलेल्या मुलांना मागच्या बाकावर बसवीत. त्या बाकावर आम्ही वर्षभर बसलो. 'चित्रकला ही रंगपेटीवाल्यांची विद्या, आपली नव्हे' हा समज तेथे मनात बसला, तो चाळिशी ओलांडली तरी उठला नाही. पुढे बी. कॉम. झालो, कारकुनी पत्करली. हातात पेन कायम राहिले, पण त्याने आकड्यांखेरीज काही काढले नाही.

यंदा आमच्या कन्येने शासकीय एलिमेंटरी परीक्षेला बसायचे ठरविले आणि जुने दुखणे वर आले. महागातली रंगपेटी आणायला आम्ही चप्पल पायात घातली, तोच ती म्हणाली, "पप्पा, रंग नंतर. आधी मला तांब्या तरी नीट काढता आला पाहिजे." मग दोघांनी मिळून शिकायचे ठरले. रोज रात्री जेवणे आटोपली की अर्धा तास. वस्तू एकच, आमच्या आईचा पोचे पडलेला पितळी तांब्या. साधन मात्र दर आठवड्याला बदलायचे.

पहिला आठवडा पेन्सिलीचा. आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसे नसतेच. ग्रॅफाइट आणि चिकणमाती मिसळून, भाजून तिची कांडी होते. ही रीत काँते नावाच्या फ्रेंच माणसाने 1795 साली काढली. माती जास्त तर रेघ फिकी व कडक, ती एच. ग्रॅफाइट जास्त तर रेघ मऊ व काळी, ती बी. आम्ही एचबीने आकार काढला आणि 4बीने सावली भरली. पण खोडरबर हातात होता ना! आम्ही काढायचो एकदा आणि खोडायचो चारदा. कागद झिजला, तांब्या काही उभा राहिला नाही.

म्हणून दुसऱ्या आठवड्यात साधे बॉलपेन घेतले. येथे खोडणे नाही. चुकलेली रेघ समोर राहते आणि पुढची रेघ काढण्याआधी माणूस वस्तूकडे दोनदा बघतो. सावलीसाठी जवळजवळ तिरप्या रेघा मारायच्या, जास्त अंधार हवा तर त्यांवर उलट्या दिशेने पुन्हा रेघा. जुन्या वह्यांची कोरी पाने त्यासाठी पुरली. वीस-पंचवीस तांब्ये झाल्यावर गळ्याचा बाक कुठे वळतो हे आम्हाला प्रथमच दिसले.

तिसरे माध्यम कोळसा. चित्रकार वापरतात तो कोळसा बारीक काड्या हवा न लागू देता जाळून केलेला असतो. दुकानात तो सुटा मिळतो. गुळगुळीत कागदावर, कॅलेंडरच्या मागे वगैरे, तो धरत नाही. कागद खरखरीत लागतो. बोटाने पुसला की सावली पसरते. शिळ्या पावाच्या मऊ गाभ्याने टिपला की उजेड उघडा पडतो. रबर निघण्यापूर्वी चित्रकार पावानेच खोडीत. कोळशाने बारकावे जमत नाहीत, आणि तोच त्याचा गुण. तो मोठा उजेड आणि मोठी सावली आधी बघायला लावतो. एक सूचना: चित्र झाले की वर पातळ कागद ठेवावा, नाहीतर सकाळी अर्धे चित्र चादरीला लागलेले असते. आम्ही अनुभवाने सांगतो.

चौथा प्रयोग वह्यांना घालतो त्या खाकी कागदावर झाला. कागदाचा रंग हाच मधला रंग. सावलीला कोळसा, चकाकीला पांढरा खडू. तांब्याच्या पोटावर खडूचा एक ठिपका दिला आणि कन्या ओरडली, "पप्पा, पितळ झालं!" मागे अजिंठ्याला गेलो होतो, तेव्हा चित्रांतल्या चेहऱ्यांवर नाकाच्या शेंड्याशी पांढरट उजेड दिला होता, तो त्या क्षणी आठवला. त्या चित्रकारांचे बरेचसे रंगही गेरू, पिवळी माती आणि काजळी असेच होते. माती आणि काजळी तर गरिबाच्या दारातली.

एका रात्री तांब्या बाजूला ठेवून आईचे हात काढले. तिने उभे आयुष्य इमारतीच्या कामावर विटा वाहिल्या आहेत. पेन्सिलीने काढलेला हात एखाद्या शिकलेल्या बाईचा वाटला. कोळशाने काढला तेव्हा बोटांची सुजलेली पेरे, तुटकी नखे उतरली. आई कागद दिव्याजवळ नेऊन बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यो माझा हात हाय. त्यो दुसरा कुणाचा रं?"

पालक बंधू-भगिनींनो, कन्येचा निकाल लागायचा तो लागेल. आमच्या जमाखर्चात मात्र एक नोंद पक्की झाली आहे. आपल्या मुलाला एका साधनाने चित्र जमले नाही, तर 'याला कला नाही' असा शेरा मारू नका. साधन बदलून बघा. पेन्सिल घाबरवीत असेल तर पेन द्या, पेन अडत असेल तर कोळसा द्या. रंगपेटी जेव्हा येईल तेव्हा येवो. तोवर घरातला एखादा तांब्या समोर मांडा, आणि मुलाशेजारी आपणही बसा.