इनुइट: नाव, भाषा आणि भूमी

अलास्का, कॅनडा आणि ग्रीनलंड यांच्या उत्तरेकडील हिमप्रदेशात इनुइट लोकांची वस्ती आहे. ‘इनुइट’ या शब्दाचा अर्थ ‘माणसे’ असा आहे. एका माणसाला ‘इनुक’ म्हणतात. ‘एस्किमो’ हे नाव त्यांना परक्यांनी दिले असून कॅनडात ते आता अवमानकारक मानले जाते.

इनुइट समाजात पूर्वी आडनावे नव्हती. नवजात बालकास दिवंगत आप्ताचे नाव देण्यात येई आणि त्या नावाबरोबर मृताचे नातेही बालकाकडे येई. त्यामुळे आजीने नातवाला ‘बाबा’ अशी हाक मारावी, यात कोणास नवल वाटत नसे. कॅनडाच्या शासनाला मात्र ही नावे नोंदणीस गैरसोयीची वाटली. म्हणून 1941 पासून प्रत्येकाला क्रमांक कोरलेला एक बिल्ला देण्यात येऊ लागला. ही पद्धती सुमारे तीन दशके चालली. याच काळात इनुइट मुलांना निवासी शाळांत ठेवण्यात आले व तेथे मातृभाषेऐवजी इंग्रजी त्यांच्यावर लादण्यात आली.

ज्या भाषेची अशी उपेक्षा झाली, तिची रचना अत्यंत समृद्ध आहे. मराठीत ‘घर’ या शब्दापासून ‘घरात’ हे रूप होते, त्याचप्रमाणे ‘इग्लू’पासून ‘इग्लूमी’ होते. परंतु इनुइट भाषा येथेच थांबत नाही. क्रिया, सामर्थ्य, नकार आणि कर्ता हे सारे प्रत्ययांनी जोडून ती एकाच शब्दात संपूर्ण वाक्याचा आशय व्यक्त करते. पूर्व कॅनडात ही भाषा बहुतांशी अक्षरचिन्हांच्या लिपीत लिहितात. व्यंजनाचे चिन्ह ज्या दिशेला वळवावे, त्यानुसार त्यातील स्वर बदलतो. ही लिपी ज्या क्री लिपीवरून घेतली, ती जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने 1840 च्या सुमारास तयार केली होती. तिच्या रचनेवर देवनागरीचा प्रभाव असावा, असे काही अभ्यासक मानतात.

दीर्घकालीन वाटाघाटींनंतर 1 एप्रिल 1999 रोजी कॅनडात नुनावुट हा स्वतंत्र प्रदेश अस्तित्वात आला. ‘नुनावुट’ म्हणजे ‘आपली भूमी’. सुमारे वीस लक्ष चौरस किलोमीटरांच्या या प्रदेशात, 2021 च्या जनगणनेनुसार, चाळीस हजारांहूनही कमी लोक राहतात आणि त्यांपैकी बहुसंख्य इनुइट आहेत. तेथील पंचवीस वस्त्यांना परस्परांशी जोडणारे रस्ते नाहीत. सामान विमानाने किंवा उन्हाळ्यात जहाजाने येते. साहजिकच अन्नधान्य अतिशय महाग पडते. सील, कॅरिबू आणि मासे यांची शिकार हा म्हणूनच केवळ परंपरेचा भाग नसून उदरनिर्वाहाचाही आधार आहे. अपुऱ्या घरांत दाटीने राहावे लागत असल्याने क्षयरोगाचे प्रमाण उर्वरित कॅनडाच्या कितीतरी पट अधिक आहे.

भाषेच्या रक्षणासाठी नुनावुटमध्ये 2008 साली कायदा झाला. तथापि वरच्या वर्गांचे शिक्षण प्रामुख्याने इंग्रजीतूनच चालते. बारावीपर्यंत इनुइट भाषा शिकविण्याची मुदत 2020 मध्ये थेट 2039 पर्यंत पुढे ढकलण्यात आली. शिक्षकांचा तुटवडा हे त्याचे एक प्रमुख कारण होय. याउलट ग्रीनलंडमध्ये 2009 पासून तेथील इनुइट भाषा हीच एकमेव राजभाषा आहे. भाषेला राजमान्यता मिळणे आवश्यक खरे. परंतु ती शाळेत, रुग्णालयात आणि कचेरीत रोज बोलली गेली, तरच पुढील पिढीच्या मुखी राहील.