बेकारीचा आकडा आणि रोवणीचे दिवस

देशात बेकारी अवघी ३.२ टक्के! जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षाच्या सरकारी श्रमशक्ती पाहणीचा हा आकडा. मग लाखांदूर तालुक्यातील आमच्या दिघोरीत पारावर बसलेली ही शिकलेली पोरे कोण, असे कुणीही विचारील. आकडा खोटा म्हणून पेपर बाजूला टाकणे सोपे आहे. पण तो खोटा नाही. लोकांना प्रश्न काय विचारला होता, एवढेच आपल्याला कुणी सांगत नाही.

आपली एखादी भगिनी घ्या. आषाढ-श्रावणात पऱ्हे खोदणे आणि रोवणी मिळून वीस दिवस, दिवाळीच्या सुमारास धानकापणीचे पंधरा दिवस. बाकी वर्षभर ती काम मागते, पण मिळत नाही. पाहणीच्या नियमाप्रमाणे वर्षात तीस दिवस काम केले की माणूस रोजगारात धरला जातो. म्हणजे पस्तीस दिवसांची ही बाई ३.२ टक्क्यांत नाही! दुसरी पद्धत मागच्या आठवड्याची. सात दिवसांत एकदा, फक्त एक तास काम केले, तरी तो आठवडा रोजगाराचा. एप्रिल २०२५ पासून दरमहा येणारा आकडा याच पद्धतीचा आहे. म्हणून रोवणीतल्या जुलैची तुलना रिकाम्या महिन्याशी करू नये, मागल्या वर्षीच्या जुलैशी करावी.

पूर्वी तिसरीही पद्धत होती. तीत एकेक दिवस, अर्धा अर्धा दिवस मोजला जाई. २०११-१२ च्या पाहणीत वर्षाच्या हिशेबाने बेकारी २.२ टक्के, आठवड्याच्या हिशेबाने ३.७ आणि दिवसाच्या हिशेबाने ५.६ टक्के निघाली होती. देश तोच, माणसे तीच! मजुराचे रिकामे दिवस दाखवणारी ही दिवसाची मोजणी २०१७ नंतरच्या नव्या पाहणीत राहिली नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या समाजाने याची खंत करायलाच हवी.

रिकाम्या हातांचा हा प्रश्न बाबासाहेबांनी १९१८ सालीच मांडला होता. हिंदुस्थानातील लहान शेतीवरील आपल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की दोष केवळ शेताच्या आकाराचा नाही. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसांचा भार आहे. ती माणसे कामावर दिसतात, पण उत्पन्नात भर घालत नाहीत, खावे तर त्यांना लागतेच. त्यावर उद्योगधंद्यांची वाढ हा उपाय त्यांनी सांगितला. ज्या भंडाऱ्यातून १९५४ साली ते लोकसभेची पोटनिवडणूक लढले, त्याच जिल्ह्यात आज एकराच्या बांधीत चौघे भाऊ राबतात आणि चौघेही रोजगारात मोजले जातात.

आणखी एक मेख आहे. टक्केवारी काढताना काम करणारे आणि काम शोधणारे एवढेच हिशेबात येतात. शोधून शोधून थकलेला पोरगा घरी बसला, 'आता नको' म्हणाला, की तो हिशेबातून बाहेर. बेकारी तेवढी घटली! याउलट, गरिबाला बेकार राहणे परवडतच नाही. मिळेल त्या मजुरीवर तो जातो. शिकलेल्यांत बेकारीचे प्रमाण सरासरीपेक्षा जास्त दिसते, त्याचे एक कारण हेही आहे.

ग्रामीण स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४७.६ टक्क्यांवर गेला. आनंद वाटावा असा आकडा. पण घरच्या शेतीत, दुकानात बिनपगारी राबणारीही त्यात आली. विकण्यासाठी वेचलेला मोह हे काम, घरच्या चुलीसाठी आणलेला काड्यांचा भारा मात्र काम नव्हे. तेव्हा बेकारीच्या आकड्याशेजारी मजुरी किती आणि पगारी कामावर किती, हेही वाचावे.

पाहणीचा माणूस दारी आला की घरातला पुरुष 'ती घरीच असते' असे सांगून मोकळा होतो. भगिनींनो, तेव्हा स्वतः पुढे या. रोवणी किती दिवस, कापणी किती दिवस, तेंदूपाने किती दिवस आणि काम मागूनही मिळाले नाही असे दिवस किती, ते तुमच्याच तोंडाने सांगा.