गोठलेली, तरी भुसभुशीत

फ्रीजरमध्ये विसरलेले बर्फाचे खडे हळूहळू लहान होतात. वितळत नाहीत, त्यांची थेट वाफ होते. अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो ड्राय व्हॅलीजच्या उंच भागात मातीतलं पाणीही असंच उडून जातं. तिथलं वर्षाचं सरासरी तापमान उणे 20 अंशांच्या आसपास, तरी वरची माती मात्र सुटी, बोटांमधून निसटणारी! कारण मातीला दगडासारखं घट्ट करते ती नुसती थंडी नव्हे, तर कणांमधला बर्फ. कोरडी हवा तो वरून ओढून घेते. मग उरलेला कोरडा थरच खालच्या बर्फाचं रक्षण करतो. याच भागातल्या युनिव्हर्सिटी व्हॅली या दरीत माथ्याकडच्या हिमनदीपासून जितकं दूर जावं, तितका हा बर्फ साधारणपणे खोल लागतो. 2008 साली फिनिक्स यानाला मंगळावरही कोरड्या मातीखाली बर्फ सापडला. मंगळासाठीची ड्रिल याच दरीत तपासली गेली, ती यामुळेच.