फळाचे पिकणे आणि झाडाचे सोसणे



एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, असे आपण संगतीविषयी बोलताना म्हणतो. ह्या म्हणीच्या पोटी वनस्पतिशास्त्रातील एक मोठे सत्य दडलेले आहे. नासक्या फळातील बुरशी शेजारच्या फळाला लागते, हे तर खरेच. पण त्याखेरीज पिकलेले आणि दुखावलेले फळ एक वायूही सोडत असते. तो डोळ्यांना दिसत नाही. तोच शेजारच्या कच्च्या फळांना पिकण्याची वर्दी देतो. कैऱ्या गवतात दडपून ठेवण्याची किंवा चिकू तांदळाच्या डब्यात घालण्याची आपल्या आज्यांची रीत ह्याच वायूला कोंडून धरणारी होती.

ह्या वायूचे नाव इथिलीन. 1901 साली नेल्युबोव ह्या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की दिव्याच्या गॅसमधील इथिलीनमुळे वाटाण्याचे कोंब वेडेवाकडे वाढतात. पुढे 1934 मध्ये इंग्लंडात रिचर्ड गेन ह्यांनी सिद्ध केले, की सफरचंद हा वायू स्वतःच निर्माण करते. आंबा, केळे, पपई, चिकू, टोमॅटो ही फळे तोडल्यानंतरही पिकतात, ती ह्याच्याच बळावर. द्राक्षे, संत्री, डाळिंबे ह्यांचे तसे नाही. ती आंबट तोडली तर आंबटच राहतात.

आता प्रश्न असा, की झाडाला हा वायू करण्याची आज्ञा कोण देते? ह्याचे उत्तर जनुकांत आहे. घरातील पाककृतींच्या वहीत सर्व पदार्थ लिहिलेले असतात, परंतु सणाचे पान सणालाच उघडते. तद्वतच पानातील पेशी काय किंवा फळातील पेशी काय, जनुकांची वही बहुतेक एकच असते. कोणते पान केव्हा वाचले जाते, एवढाच फरक. फळ पूर्ण भरले की काही जनुके जागी होतात. त्यांच्या आज्ञेने जी विकरे तयार होतात, त्यांतील काही इथिलीन बनवतात, काही पेशींच्या भिंतींतील पेक्टिन सैल करून फळ मऊ करतात, तर काही पिठाची साखर करतात. हिरवा रंग जातो, पिवळा दिसू लागतो, सुवास सुटतो.

परंतु ह्या वायूला दुसरेही काम आहे, आणि ते विपत्तीचे आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला महापूर आला व बडोद्याच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले, हे आपणांस स्मरत असेल. अशा वेळी टोमॅटोचे रोप पाण्यात उभे असूनही त्याची पाने खाली लोंबतात व पिवळी पडतात. पाणी भरपूर असताना असे का व्हावे? बुडालेल्या मुळांना प्राणवायू मिळत नाही, आणि इथिलीन बनवण्याची शेवटची पायरी प्राणवायूवाचून पुरी होत नाही. म्हणून मुळांत अर्धवट तयार झालेला पदार्थ देठावाटे वर चढतो आणि पानांत हवा मिळताच त्याचे इथिलीन होते. मुळांवरील संकटाची वार्ता पानांना कळते ती अशी. हा अर्धवट पदार्थ बनवणारी जनुके एकापेक्षा अधिक असतात: काही फळ पिकताना जागी होतात, काही मुळे बुडाल्यावर, तर काही झाडाला इजा झाल्यावर. टोपलीत आपटलेले फळ लवकर पिकते, त्याचे कारणही हेच.

ह्या ज्ञानाचा शेतकऱ्याला लाभ झाला आहे. ओडिशातील एका जुन्या भाताच्या वाणात पूर सोसण्याचा गुण होता. त्यामागील जनुक 2006 साली प्रसिद्ध झाले. बुडालेल्या रोपात इथिलीन साठले, की हे जनुक रोपाची वाढ आवरते व त्याची शिदोरी जपते. पाणी ओसरल्यावर रोप पुन्हा उभे राहते. हे जनुक नेहमीच्या संकरानेच स्वर्णा ह्या लोकप्रिय भातात आणले गेले. 2009 पासून हे नवे वाण आपल्या देशात लावले जाते आणि सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरते. टोमॅटोच्या बाबतीत 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुक संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी पेशींच्या भिंतींशी संबंधित दोन जनुके शांत केली. तेव्हा प्रयोगशाळेतील ती फळे सुमारे दीड महिना टणक राहिली.

भरूच, आणंद वा जळगाव येथील केळी उत्पादकास ह्याचे मोल समजावून सांगावयास नको. घड कापला की त्याच्या विक्रीला मोजके दिवस उरतात, आणि वाटेत माल पिकला तर वर्षाची मेहनत कवडीमोल होते.

ह्या घाईतूनच एक अनिष्ट प्रथा शिरली, ती कॅल्शियम कार्बाइडची. दमट हवेत त्यापासून ॲसिटिलीन वायू निघतो. तो इथिलीनची नक्कल करतो. परंतु बाजारातील कार्बाइडमध्ये सोमलाचे व फॉस्फरसचे विषारी अंश असू शकतात. म्हणून कायद्याने त्याच्या साहाय्याने फळे पिकवण्यास बंदी आहे. उलट, बंद खोलीत दहा लाख भाग हवेस शंभर भागांपर्यंत इथिलीन सोडून फळे पिकवण्यास परवानगी आहे. कारण फळ स्वतः जो वायू करते, तोच तो आहे. तेव्हा ‘पिकवलेले’ एवढे ऐकून भिण्याचे कारण नाही. कशाने पिकवले, हे मात्र विचारावे. फतेगंजातील लारीवाल्याला ते ठाऊक नसेल, तर केळी थोडी कच्चीच घ्यावीत आणि एखाद्या पिकल्या केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवावीत. दोन-तीन दिवस धीर धरला, की पुढचे काम फळ आपले आपण करील.