ई-व्यापार आणि सोयाबीनचा शेतकरी

संगणक व इंटरनेट यांच्या साह्यानें चालणाऱ्या व्यापारास हल्लीं ई-व्यापार म्हणतात. मोठ्या पेढ्यांनीं तो केव्हांच आपलासा केला. परंतु ज्याचा सारा व्यापार वर्षांतून एकदां विकावयाच्या पन्नास-साठ पोत्यांचा, त्यास यापासून लाभ तो कोणता?

याचें उत्तर मध्यप्रदेशांत सांपडतें. तेथील सोयाबीनचा शेतकरी गाडी भरून मंडींत जाई, तेव्हां त्या दिवशींचा भाव त्यास बहुधा ठाऊक नसे. लिलावांत भाव पडला तरी माल परत नेण्याचें भाडें अंगावर पडणार, म्हणून येईल ती बोली मुकाट्यानें पत्करावी लागे. व्यापाऱ्यास ही अडचण पुरती ठाऊक असे.

सन २००० मध्यें आय. टी. सी. कंपनीनें तेथें ‘ई-चौपाल’ नांवाचीं केंद्रें मांडण्यास आरंभ केला. गांवांतीलच एका शेतकऱ्याच्या घरीं संगणक ठेवावयाचा, व त्यानें आसपासच्या मंडींतील भाव आणि कंपनीचा भाव पाहून सर्वांस सांगावयाचे. वानगी पाहून अंदाजी भाव मिळे. पटल्यास माल कंपनीच्या केंद्रावर न्यावा. तेथें वजन विजेच्या काट्यावर होई व पैसे रोख मिळत. न पटल्यास मंडीचा रस्ता मोकळाच.

खरी लक्षांत घेण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. अपराजिता गोयल यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, जेथें हीं केंद्रें झालीं तेथें खुद्द मंडींतील सोयाबीनचा भाव सरासरीनें शेकडा १ ते ३ वाढला. म्हणजे ज्यांनीं कंपनीस एक दाणाही विकला नाहीं, त्यांसही लाभ झाला! शेकडा दोन ही वाढ क्षुल्लक वाटेल. पण बीं, खत व मजुरी वजा जातां हातीं जें उरतें, त्याच्याशीं ती ताडून पाहावी.

मात्र यंत्र ज्याचें तोच गिऱ्हाईकही असतां सावध राहणें बरें. जवळची मंडी ओस पडली, तर कंपनीच्या भावाची तुलना कशाशीं करावयाची? १४ एप्रिल २०१६ रोजीं केंद्र सरकारनें सुरू केलेला राष्ट्रीय कृषि बाजार, म्हणजेच ई-नाम, आम्हांस या दृष्टीनें अधिक आश्वासक वाटतो. कारण त्यांत एकाच मालावर अनेक व्यापारी संगणकावरून बोली लावूं शकतात. पण दूरच्या व्यापाऱ्यास ढीग दिसत नाहीं. तो विसंबतो मालाच्या तपासणीच्या दाखल्यावर. तेव्हां सोयाबीन चांगलें वाळवून व चाळूनच पोत्यांत भरावें, आणि भाव पाहावयाचा तो गाडी भरण्यापूर्वीं. भरलेली गाडी बाजाराच्या फाटकांत उभी राहिल्यावर नव्हे.