पुस्तक स्वतः छापताय? जाहिरातीआधी एका प्रतीचा हिशेब मांडा

पाचशे प्रती छापून आल्या, प्रकाशन समारंभ झाला, फोटोंना भरपूर लाइक्सही मिळाले. महिना उलटला तरी बहुतेक खोकी पलंगाखालीच. स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या अनेकांची गाडी इथेच अडते आणि मग 'मार्केटिंग पॅकेज'वर आणखी पैसे जातात. ते घ्यावं की नाही, हे एका प्रतीमागे हातात काय उरतं यावर ठरतं.

विकूनही तोटा कसा होतो?

समजा, पुस्तकाची किंमत 250 रुपये आणि छपाईचा खर्च प्रतीमागे 100 रुपये आहे. विक्रेत्याला 40 टक्के सूट दिली की तुमच्याकडे 150 रुपये येतात. छपाई वजा जाता उरले 50. वाहतूक आणि परत आलेल्या खराब प्रती यांचा खर्चही त्यातूनच. आता एक प्रत खपवायला सोशल मीडियावर 60 रुपयांची जाहिरात लागली, तर प्रत्येक विक्रीमागे 10 रुपये खिशातून गेले. जेवढी विक्री जास्त, तेवढा खड्डा मोठा! 'रीच'च्या आकड्यात हे दिसत नाही.

तेच पुस्तक प्रकाशनपूर्व सवलतीत 200 रुपयांना थेट वाचकाला दिलं आणि टपाल-पॅकिंगला 35 रुपये धरले, तरी 65 उरतात. शिवाय पैसे छपाईआधी येतात. मराठी प्रकाशकांची ही जुनीच पद्धत; यूपीआयमुळे ती एकट्या लेखकालाही जमते. मुख्य फायदा म्हणजे किती प्रती छापायच्या याचा अंदाज येतो. नोंदणी 80 झाली असेल, तर 500 छापू नका. डिजिटल छपाईवर शंभर-दीडशे काढा. प्रतीमागे दर जास्त पडेल, पण खोकी साठणार नाहीत.

टपालासाठी 'ज्ञान पोस्ट' पाहा. 1 मे 2025 पासून सुरू झालेल्या या सेवेत 300 ग्रॅमपर्यंतच्या पुस्तकासाठी सुरुवातीचा दर 20 रुपये अधिक कर असा होता, ट्रॅकिंगसह. ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे. आपलं पुस्तक त्यात बसतं का, हे काउंटरवर आधी विचारा.

वाचक आणायचे कुठून?

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो. म्हणून आधी नंबर सेव्ह करायला सांगा, मग पुस्तकाचं बोला. नुसतं मुखपृष्ठ पाठवून कोणी पैसे भरत नाही. एक पूर्ण प्रकरण वाचायला द्या. शेतीवरचं पुस्तक असेल तर साहित्यिक ग्रुपपेक्षा शेतकऱ्यांच्या ग्रुपमध्ये त्याला जास्त गिऱ्हाईक मिळेल, हे उघड आहे. तरी बहुतेक जण साहित्यिक ग्रुपमध्येच टाकतात.

ई-बुक काढताना एक अट नीट वाचा. ॲमेझॉनच्या केडीपीवर भारतातल्या विक्रीवर 70 टक्के रॉयल्टी हवी असेल, तर 'केडीपी सिलेक्ट'मध्ये नाव घालावं लागतं. तसं केलं की किमान 90 दिवस तेच ई-बुक बुकगंगासारख्या दुसऱ्या ठिकाणी विकता येत नाही. छापील प्रतीला हे बंधन नाही.

आयएसबीएनसाठी कोणी वेगळे पैसे मागितले तर थांबा. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी लेखकालाही तो मोफत देते. अर्ज ऑनलाइन करायचा असतो.

राज्यातल्या अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांकडे मात्र फारसं कोणी फिरकत नाही. त्यांना पुस्तक खरेदीचा हिशेब ठेवावा लागतो. त्यामुळे ग्रंथपालांना भेटायला जाताना नमुना प्रतीसोबत बिलबुक न्या आणि बिलावर किंमत, सवलत, आयएसबीएन स्पष्ट लिहा.