रिव्हर्स टाकला, इंजिन ओरडलं, गाडी मात्र जागेवरच! जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं डीबगिंग

मार्चमध्ये धुळ्याहून काकांचा फोन आला. "अरे, गाडी विकतोय. भंगारवाला ४० हजार देतो म्हणतोय."

गाडी म्हणजे १९८३ ची मर्सिडीज २४० डी. काका आखातात नोकरीला होते, तिथून येताना आणलेली. घरातली सात लग्नं या गाडीने पाहिली आहेत. माझ्या आईची पाठवणीही याच गाडीतून झाली होती. आणि आता मे महिन्यात चुलत बहिणीचं लग्न होतं.

अडचण काय, तर गाडी पुढे जायची पण मागे येत नव्हती. काकांच्या अंगणाला उतार आहे, गाडी बाहेर काढायची तर चढावर रिव्हर्स घ्यावा लागतो. एके दिवशी त्यांनी रिव्हर्स टाकला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडलं आणि गाडी हळूहळू पुढे, कंपाउंडच्या भिंतीकडे घसरली. भिंतीजवळ काकू तुळशीला पाणी घालत होत्या. ब्रेक वेळेवर लागला म्हणून बरं. जळगावच्या एका गॅरेजने बोनेटही न उघडता निकाल दिला: "गिअरबॉक्स गेला, दीड लाख लागतील." काकांनी हायच खाल्ली.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गाड्यांचा मेकॅनिक नाही. पण एक सवय कामामुळे लागली आहे: बग नक्की कुठे आहे ते कळल्याशिवाय अख्खा प्रोग्रॅम डिलीट करायचा नाही. या गाडीत स्कॅनर लावायला सॉकेटच नाही, एरर कोड नाही. तरी हा बग सापडला. कसा, ते आज पाहूया.

आधी समजून घेऊ: यात रिव्हर्स पडतो कसा?

ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं पेडल नसतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. चालू कुलरसमोर एक बंद पंखा ठेवून बघा. कुलरच्या हवेने समोरच्या पंख्याची पाती फिरायला लागतात. दोघांना जोडणारी वस्तू फक्त हवा. कन्व्हर्टरमध्ये हवेच्या जागी तेल असतं, एवढाच फरक.

त्यामागे असतात ग्रहमालेसारखे गिअर. मध्ये एक सूर्य-गिअर, त्याभोवती छोटे ग्रह-गिअर आणि सगळ्यांच्या बाहेर कडं. यातला कुठला भाग धरून ठेवायचा आणि कुठला सोडायचा, यावर वेग आणि दिशा ठरते. ग्रहांची चौकट घट्ट धरली आणि सूर्य फिरवला, की बाहेरचं कडं उलटं फिरतं. झाला रिव्हर्स!

ही चौकट "घट्ट धरण्याचं" काम करतो चकत्यांचा एक ब्रेक. त्या चकत्या दाबतो एक पिस्टन, आणि पिस्टनला ढकलतं तेलाचं प्रेशर. प्रेशर गळू नये म्हणून पिस्टनला रबरी सील असतात.

म्हणजे साखळी अशी: तेल → पंप → प्रेशर → पिस्टन → चकत्या. यातली एक जरी कडी ढिली असली तर चकत्या घसरतात, इंजिन फिरतं आणि गाडी हलत नाही. आणि रिव्हर्सला जोर जास्त लागतो. म्हणूनच बहुतेक जुन्या ऑटोमॅटिकमध्ये रिव्हर्स टाकल्यावर तेलाचं प्रेशर मुद्दाम वाढवलेलं असतं. त्यामुळे साखळी कमजोर झाली की बोंब बऱ्याचदा रिव्हर्स आधी मारतो.

पायरी १: लक्षणं नीट लिहा

"रिव्हर्स घसरतो" एवढं पुरेसं नाही. मी काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर चार प्रश्न पाठवले.

- गाडी थंड असताना जास्त घसरते की गरम झाल्यावर? — सकाळी जास्त.
- पुढचे गिअर घसरतात का? — नाही, पण हल्ली बदलताना झटका देतात.
- गाडीखाली तेल सांडलेलं दिसतं का? — थेंबही नाही.
- आणखी काही विचित्र? — "चावी बंद केली तरी इंजिन चार-पाच सेकंद चालूच राहतं. पण त्याचा काय संबंध?"

हे शेवटचं उत्तर लक्षात ठेवा.

पायरी २: तेल बघा, पण बरोबर पद्धतीने

शनिवारी जळगावहून धुळ्याला गेलो. काकांच्या ओळखीचे एक जुने मिस्तरी आले होते. त्यांचं पहिलं वाक्य अहिराणीत: "पहिले तेल दखा भाऊ, मंग गिअरबॉक्सनं नाव ल्या." आधी तेल पाहा, मग गिअरबॉक्सला दोष द्या.

काका म्हणाले, "तेल फुल आहे. दर रविवारी सकाळी बघतो."

"गाडी चालू ठेवून?"

"बंद असताना. इंजिन ऑईल बघतो तसंच."

इथेच गफलत होती. इंजिन ऑईल गाडी बंद करून बघतात. पण या गिअरबॉक्सचं तेल इंजिन चालू ठेवून, गिअर पार्कमध्ये, गाडी सपाट जागी आणि तेल चांगलं गरम झाल्यावर बघायचं असतं. इंजिन बंद केलं की पंप थांबतो आणि वर फिरणारं बरंच तेल खालच्या पॅनमध्ये उतरतं. मग डिपस्टिक खोटं बोलते. कमी असलेलं तेलही फुल दिसतं.

पारोळ्याच्या रस्त्याला जाऊन-येऊन २० किलोमीटर गाडी फिरवली आणि बरोबर पद्धतीने मोजलं. डिपस्टिकच्या टोकालासुद्धा तेल लागलं नाही! या डिपस्टिकवर किमान आणि कमाल खुणांमधला फरक जेमतेम ०.३ लिटरचा असतो. आम्हाला खुणेपर्यंत यायला सव्वा लिटर ओतावं लागलं.

खान्देशात हे समजावून सांगायची गरज नाही. विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटर पाण्यासोबत हवा ओढते आणि पाइपात जोर राहत नाही. गिअरबॉक्सच्या पंपाचंही तेच झालं होतं.

तेलाचा रंगही बघा. चांगलं तेल लालसर आणि पारदर्शक असतं. आमचं तपकिरी झालं होतं, पण जळका वास नव्हता. काळं आणि करपल्याचा वास येणारं तेल असेल तर चकत्या जळल्याची शक्यता मोठी. धुळे-जळगावचा उन्हाळा ४० च्या वर जातो, आणि उष्णता हा या तेलाचा मोठा शत्रू आहे. काकांनी मात्र हे तेल बारा वर्षं बदललं नव्हतं.

पायरी ३: मोबाईलने घसरण मोजा

तेल भरल्यावर रिव्हर्स पडला, गाडी मागे आली. काका खूश. पण "बरं वाटतंय" हे मोजमाप नाही. मला आकडा हवा होता.

इथे एक परीक्षा असते, तिला स्टॉल टेस्ट म्हणतात. ब्रेक पूर्ण दाबून, गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा आणि इंजिन जास्तीत जास्त किती फेऱ्यांवर जाऊन अडतं ते बघायचं. कन्व्हर्टर तोच, इंजिन तेच. म्हणजे डी आणि आर, दोन्हींत आकडा जवळपास सारखा यायला हवा. आर मध्ये जास्त आला तर रिव्हर्सच्या चकत्या घसरतायत.

काकांच्या गाडीत आरपीएम मीटर नाही. पण इंजिनचा आवाज आहे! चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनमध्ये प्रत्येक फेरीला दोन धमाके होतात. म्हणजे:

आरपीएम = आवाजाची मुख्य फ्रिक्वेन्सी × ३०

फोनवर फिफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं. त्यात ऑडिओ स्पेक्ट्रम उघडला की कुठल्या फ्रिक्वेन्सीला आवाजाचा सुळका आहे ते दिसतं. निवांत चालणारं इंजिन ७५० आरपीएमला असेल तर सुळका २५ हर्ट्झला. एक काळजी घ्या: फोनचा माइक इतका खालचा आवाज नीट पकडत नाही, त्यामुळे दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सुळका मोठा दिसू शकतो. त्याला मुख्य समजू नका.

आमचे आकडे:

- डी मध्ये: ६३ हर्ट्झ, म्हणजे १८९० आरपीएम
- आर मध्ये: ७४ हर्ट्झ, म्हणजे २२२० आरपीएम

३३० फेऱ्यांचा फरक. डी ठीक आहे, म्हणजे इंजिन, कन्व्हर्टर आणि पंप बऱ्यापैकी धड आहेत. घसरण फक्त रिव्हर्सच्या बाजूला उरली. दीड लाखाचा प्रश्न इथेच बराच लहान झाला.

सावधान: ही परीक्षा तेल कमी असताना करायची नाही. चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा, गाडीच्या पुढे-मागे कोणी उभं नको. पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि दोन परीक्षांमध्ये न्यूट्रलवर दोन-तीन मिनिटं तेल थंड होऊ द्या. ब्रेकवर भरवसा नसेल तर करूच नका. आम्हीही मिस्तरी शेजारी असतानाच केली.

पायरी ४: तेल गेलं कुठे?

हा खरा बग. सव्वा लिटर तेल गायब, आणि जमिनीवर थेंब नाही.

आता काकांचं ते विचित्र उत्तर आठवा. पेट्रोल गाडी स्पार्क तोडला की बंद पडते. डिझेलमध्ये स्पार्कच नसतो, डिझेल थांबवावं लागतं. या गाडीत ते काम व्हॅक्यूमवर चालतं. इंजिनवर एक व्हॅक्यूम पंप आहे. त्याच्याच नळ्यांवर इंजिन बंद करणं, दारांची लॉक आणि गिअरबॉक्सचा मॉड्युलेटर, तिन्ही चालतात. मॉड्युलेटर म्हणजे इंजिनवर किती भार आहे हे गिअरबॉक्सला सांगणारी छोटी डबी. तिच्यात एक रबरी पडदा असतो.

मॉड्युलेटरची नळी काढली. आतून लाल तेल टपकलं!

सगळी लक्षणं एका ओळीत लागली. पडदा फाटला होता. व्हॅक्यूम पंप त्या भोकातून गिअरबॉक्सचं तेल ओढून इंजिनात नेत होता, म्हणून जमीन कोरडी. व्हॅक्यूम गळत होता, म्हणून चावी बंद करूनही इंजिन चालू राहायचं. मॉड्युलेटरला व्हॅक्यूम मिळाला नाही की गिअरबॉक्सला वाटतं गाडीवर पूर्ण भार आहे, म्हणून पुढचे गिअर झटक्याने पडायचे. आणि तेल कमी झालं म्हणून रिव्हर्स घसरला. चार तक्रारी, एक पडदा.

दुरुस्ती आणि निकाल

मॉड्युलेटर मुंबईहून मागवला. पॅन उघडून फिल्टर बदलला, पॅन आणि कन्व्हर्टर दोन्हींतलं जुनं तेल काढून या गिअरबॉक्सला चालणारं नवं भरलं. इंजिन ऑईलही बदललं, कारण त्यात गिअरचं तेल मिसळलं होतं. पॅनच्या तळाशी करडा बारीक गाळ होता. तो एवढ्या वर्षांत साठतोच. धातूचे तुकडे किंवा चकत्यांचे काळे पापुद्रे मिळाले असते तर गोष्ट वेगळी होती. सगळा खर्च १९ हजारांच्या आत.

पुन्हा स्टॉल टेस्ट: डी ६३, आर ६४.

सगळं शंभर टक्के झालं का? नाही. सकाळी पहिल्यांदा रिव्हर्स टाकला की गाडी अजूनही दोन सेकंद विचार करते, गरम झाल्यावर लगेच घेते. हे पिस्टनचे सील कडक झाल्याचं लक्षण आहे: थंड रबर ताठ असतं, प्रेशर गळू देतं, गरम झालं की मऊ होऊन बसतं. त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल. ते काम पावसाळ्यानंतर. तोवर काकांना दोन नियम दिलेत: सकाळी रिव्हर्स टाकल्यावर गाडी धरेपर्यंत पाय ब्रेकवरच ठेवायचा, रेस करायची नाही. आणि अंगणात गाडी तोंड रस्त्याकडे करूनच लावायची.

तुमच्या घरच्या गाडीला हे लागू आहे का?

तुमच्याकडे एएमटी असेल तर आत साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट असते, फक्त क्लच दाबायचं काम यंत्र करतं. तिथे घसरण म्हणजे आधी क्लच प्लेट तपासा. सीव्हीटीला तिचं वेगळं तेल लागतं, दुसरं चालत नाही. बऱ्याच नव्या ऑटोमॅटिक गाड्यांना गिअर ऑईलची डिपस्टिकच नसते. त्यामुळे गाडीचं मॅन्युअल उघडा आणि तेल कसं व कधी तपासायचं ते एकदा वाचाच. "गिअरबॉक्स गेला" असं कोणी म्हटलं तर एकच विचारा: कुठल्या तपासणीवरून?

लग्न १८ मेला झालं. वरात निघायच्या वेळी काकांनी स्वतः गाडी काढली. रिव्हर्स टाकला, पाय ब्रेकवर ठेवून दोन सेकंद थांबले आणि गाडी सरळ मांडवापर्यंत मागे आणली. भंगारवाल्याचा नंबर त्यांनी अजून डिलीट केलेला नाही. पण आता दर रविवारी ते तेल बघतात, इंजिन चालू ठेवून.